मशीन खोटं बोलत नाही

आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना पहिल्याच दिवशी आम्ही भिंतीत घातलं.

हे असं एकदम सांगितलं की लोकांना वाटतं मी फेकतेय. फेकत नाही. नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरची घंटा झालेली, आणि दारातून एक उंच, बारीक, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आत आला. नमस्कार नाही, हजेरी नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. वर्गाच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात सरळ सोडले आणि समोर बघत म्हणाला, "मी मशीन आहे. मला चालवा."

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. कॉम्प्युटर शिकवायला कुणीतरी येणार एवढं माहीत होतं. कॉम्प्युटर तर आधीच आले होते. कोपऱ्यातल्या खोलीत कुलपात होते, हेडसरांनी त्यांना जुन्या साड्यांचे झगे शिवून घातले होते आणि आम्ही चपला काढून खिडकीतून त्यांचं दर्शन घ्यायचो. मशीन म्हणजे ते. हा बुवा काय बोलतोय?

शेवटी मागच्या बाकावरून गणप्या म्हणाला, "सर, पुढं चला." गणप्या आमच्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा, म्हणून सगळ्यात धीट. सर चालायला लागले. फळ्याजवळ पोचले, भिंतीला कपाळ टेकलं, तरी पाय चालूच! पाय जागच्या जागी चाललेत आणि कपाळाला भिंतीचा चुना लागतोय. पोरी किंचाळल्या. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातून मराठीच्या बाई धावत आल्या आणि ओरडल्या, "अहो, थांबा!" सर थांबले. पण कपाळ भिंतीलाच. मागे फिरा असं बाईंनी म्हटलं नव्हतं ना.

तास संपल्याची घंटा झाली आणि सर माणसात आले. कपाळ चोळत वळले आणि खदाखदा हसत म्हणाले, "कुठल्या गाढवाने घातलं रे मला भिंतीत? आता सांगा, चूक मशीनची का चालवणाऱ्याची?"

घंटेपासून घंटेपर्यंत सर मशीन, हा त्यांचा नियम. घंटेबाहेर त्यांच्याइतका बोलका माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात नसेल. सर राहायला शेणव्याला, तिकडे शहापूर तालुक्यात, आणि आमचं गाव मुरबाडहून म्हसाकडे जाताना फाट्यावरून आत. पण आमच्या गावात कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे सरांना आमच्याआधी कळायचं. खिशात उकडलेल्या शेंगा. बोलत बोलत सोलायच्या, समोरच्याला द्यायच्या. पण घंटा झाली की खेळ खलास. शेंग अर्धी सोललेली तर तशीच हातात. तोंडात असली तर चावणं बंद. मग आमच्यापैकी कुणीतरी "चावा, गिळा" असं म्हणायचं आणि तास सुरू व्हायचा.

हुकूम नीट नसला की सर हलायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "सूचना अपूर्ण." आवाजात राग नाही, लोभ नाही. त्या दोन शब्दांनी आमचा जीव खाल्ला. "खिडकी उघडा" म्हटलं, "सूचना अपूर्ण." वर्गाला खिडक्या तीन. "ही खिडकी उघडा" म्हटलं, तरी तेच. मशीनला बोट कुठे दिसतंय?

गावाने त्यांना पहिल्याच आठवड्यात वेडा ठरवून टाकलं. आमच्या घरात तर त्यांच्यावरून रोजची चर्चा. माझे बाबा जीप चालवायचे, शहापूर-मुरबाड, आणि माणसं असली तर पुढे आमच्या गावापर्यंत. सर सकाळी शेणव्याला त्याच जीपमध्ये बसायचे. घंटेबाहेर, म्हणजे माणूस म्हणूनच, पण खोड जाते का कुठे?

"जीप कधी सुटणार?" सरांनी विचारलं.

"भरली का सुटंल."

"भरली म्हणजे किती माणसं?"

"भरली म्हंजी भरली. त्यात काय मोजायचा?"

"आणि भरल्यावर आणखी एक आला तर?"

"त्याला घ्यायचा. सोडायचा का काय?"

"मग भरली कधी?"

बाबा रात्री जेवताना आईला म्हणाले, "त्यो मास्तर पक्का येडा हाय. पन काय सांगू, आज दिवसभर स्टेअरिंगवर माझ्या डोक्यात एकच. खरंच गो, भरते कधी?"

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, "ज्या कामाला शेवट कुठे करायचा ते सांगितलेलं नाही, ते काम म्हणजे हिच्या बाबांची जीप." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर पायथन शिकताना आमच्या वर्गातल्या कुणालाही लूप म्हणजे काय ते परत विचारावं लागलं नाही. डोळ्यापुढे जीप यायची, आणि तिच्या फळीवर उभे राहून "एक सीट, एक सीट" असं ओरडणारे माझे बाबा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी घरात थोरली. धाकट्या भावंडांना हुकूम, शेजारच्या पोरांना हुकूम, कोंबड्यांनासुद्धा हुकूम. "कोन महाराणी समजतेस गो स्वताला?" हे आईचं रोजचं. मराठीच्या बाई म्हणायच्या, मुलीच्या जातीला एवढी अरेरावी बरी नाही. मला वाईट वाटायचं, पण जीभ काही राहायची नाही. मी अशीच आहे, आजही.

आणि एक दिवस मी सरांना चालवलं. खुर्चीवरून उठवलं, दारातून काढलं, दाराची चौकट डोक्याला लागू नये म्हणून वाकवलं, पायऱ्या उतरवल्या, हातपंपापाशी नेलं, बादली लावली, पाणी भरलं, झेंड्याच्या खांबाजवळच्या झेंडूला घातलं आणि परत खुर्चीवर आणून बसवलं. एकदाही "सूचना अपूर्ण" नाही. बादलीसुद्धा जागेवर. घंटा झाली तशी सर उठले आणि म्हणाले, "कोणी सोडले हे हुकूम?" मी घाबरत हात वर केला. वाटलं, झालं, आता यांचंही "अरेरावी" सुरू. सर म्हणाले, "हा गुण आहे. जप."

गुण! माझ्या जिभेला आजवर कुणी गुण म्हटलं नव्हतं. घरी जाताना मी वाटभर रडले आणि घरी पोचल्यावर भावाला हुकूम सोडला की पाणी आण. त्या दिवसापासून तो माणूस माझा झाला. लोकांनी येडा म्हणावं नाहीतर काही म्हणावं.

गणप्याचं उलट. त्याला काही जमायचं नाही, मग तो खोड्या काढायचा. एकदा त्याने हुकूम सोडला, "सर, डाव्या हातातला खडू तोंडात टाका, चावा, गिळा." आणि हा हुकूम मात्र मेल्याने अगदी पूर्ण दिला. सरांनी खडू खाल्ला. कराकरा चावून खाल्ला. आम्ही ओरडतोय, थांबा म्हणेपर्यंत अर्धा पोटात. घंटा झाल्यावर सर हातपंपावर गेले, चुळा भरल्या, परत आले. आम्हाला वाटलं गणप्याचं आता काही खरं नाही. सर त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "गणपत, मशीनला वाईट वाटत नाही. म्हणून हुकूम सोडणाऱ्याने दोघांच्या वाटचं वाईट वाटून घ्यायचं." गणप्याने मान खाली घातली. आठवडाभर तो सरांना नुसतं "बसा" आणि "उठा" एवढंच सांगायचा.

प्रोग्रॅम तपासणंही मशीन होऊनच. कागद पुढे धरला की एकच उत्तर, "बरोबर आहे" नाहीतर "चूक आहे". अर्धे मार्क नाहीत, प्रयत्न चांगला वगैरे नाही. एकदा हेडसरांना हौस आली, त्यांनीही एक प्रोग्रॅम लिहून आणला आणि वर्गात सगळ्यांसमोर सरांना दाखवला. सर म्हणाले, "चूक आहे." हेडसर कुजबुजले, "अहो, निदान पोरांदेखत तरी…" सर म्हणाले, "चूक आहे." घंटा झाल्यावर सरांनी हेडसरांचा हात हातात घेतला, त्यात मूठभर शेंगा ठेवल्या आणि म्हणाले, "माफ करा साहेब. काय करू, मशीन खोटं बोलत नाही."

पावसाळा सरला तशी सरांनी झग्यातली मशीनं बाहेर काढली. लाइट असेल तेव्हा त्यांना चालवायचं, नसेल तेव्हा सरांना. खरं सांगते, ती मशीनं आम्हाला अगदी सोपी वाटली. ती तर आधीच खुर्चीवर बसलेली होती, भिंतीत जायची भीतीच नव्हती.

आणि पौषात घोडं अडलं. हेडसर वर्गात येऊन म्हणाले, आपल्या शाळेत पोरं कमी, म्हणून कॉम्प्युटर शहापूरकडच्या मोठ्या शाळेत जाणार, आणि त्यांच्याबरोबर सरही. उद्या शिक्षण खात्याचे साहेब टेम्पो घेऊन येतील. सरांनी बदलीची ऑर्डर हातात घेऊन सही केली की संपलं. मशीनं तिकडे, सर तिकडे.

सगळे मोठे म्हणाले, बरं झालं, मास्तरला शेणव्याहून तिकडचं जवळ पडेल. आमचं काय? मला तर ढसाढसा रडू येत होतं. ज्या एका माणसाने मला गुण आहे म्हटलं तो चालला, आणि मी परत महाराणी होणार. मग माझ्या डोक्यात आलं. सही केली की जाणार. सही केलीच नाय तर? आणि मशीनने सही करायची तर हुकूम लागतो. आणि मशीन दुसऱ्याच कामात गुंतलेलं असलं तर?

"पन तास संपल का नाय?" गणप्या म्हणाला. "घंटा झाली का सर मानूस. मग करतील सही."

"उद्या काय आहे रे?" मी विचारलं.

गणप्याने डोकं खाजवलं आणि त्याचा चेहरा उजळला. उद्या म्हसाची जत्रा!

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या शाळेची घंटा पितळेची, मोठी, आणि तिचा आवाज असा की पार फाट्यापर्यंत. आमच्या शिपाईमामांचा एक बैल होता. मामा दरवर्षी तो म्हसाच्या जत्रेत विकायला न्यायचे आणि दरवर्षी परत आणायचे, कारण गिऱ्हाईक आलं की मामांना रडू फुटायचं. पण जत्रेत बैल उठून दिसला पाहिजे ना? म्हणून त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरची घंटा दिली की मामा तीच घंटा काढून बैलाच्या गळ्यात बांधायचे आणि निघायचे. कितीएक वर्षांचा रिवाज. त्या दिवशीचे पुढचे तास बाकीचे मास्तर घड्याळावर घ्यायचे. सर मात्र जूनपासूनचे. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि घड्याळ त्यांना तासात चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी घंटा दिली. सर आत आले, उभे राहिले, मशीन झाले. मी उठले. आवाज खणखणीत काढला. "सर, ऐका. पहिल्या बाकापासून एकेकाचा प्रोग्रॅम तपासा. सगळ्यांचे बिनचूक असले तर थांबा. एकाचाही चुकला तर आमाला सोडून जाऊ नका, आणि परत पहिल्या बाकापासून तपासा."

सर निघाले. पहिला बाक, बरोबर आहे. दुसरा, बरोबर आहे. शेवटी गणप्या, चूक आहे. परत पहिला बाक. आम्ही मनातल्या मनात नाचायला लागलो. गणप्या जिवंत आहे तोवर सरांना मरण नाही! बाहेर मामा बैल घेऊन निघून गेले, जत्रेत पोचेपर्यंत लोलकाला फडकं गुंडाळलेलं, त्यामुळे घंटेचा आवाज नाही.

साहेब आले ते तिसऱ्या-चौथ्या फेरीला. टेम्पोवाला दोरखंड घेऊन व्हरांड्यात. हेडसर घामाघूम.

"सर, ही तुमची ऑर्डर," साहेब म्हणाले. सर त्यांच्या बाजूने पुढच्या बाकाकडे गेले. साहेब मागोमाग. "अहो सर! थांबा!"

सर थांबले.

"ही ऑर्डर घ्या."

"सूचना अपूर्ण."

"काय?"

दारात मराठीच्या बाई उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "साहेब, कोणत्या हातात ते सांगितलं नाही तुम्ही." बाई आमच्या बाजूच्या आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"उजव्या हातात घ्या! आणि हे पेन घ्या डाव्या… नाही, ऑर्डर डाव्या, पेन उजव्या! आणि खाली सही करा!"

सरांनी ऑर्डर डाव्या हातात घेतली, पेन उजव्या हातात घेतलं, ऑर्डर उचलून धरली आणि तिच्या खाली बाक होता त्या बाकावर पेन टेकवलं. टोपण तसंच होतं, त्यामुळे बाकाला नुसता ओरखडा उमटला. ते काम झालं, आता आधीचं पुढे चालू. ऑर्डर आणि पेन घेऊन सर पुढच्या बाकाकडे निघाले.

"मला वेड्यात काढता? सस्पेंड करीन!"

"सूचना अपूर्ण," सर म्हणाले. "बरोबर आहे," असं पुढच्या पोरीला म्हणाले.

साहेबांनी सगळं करून बघितलं. दटावलं, हात जोडले, हेडसरांवर ओरडले. शेवटी दमून गणप्याच्या शेजारी बाकावर बसले, त्याच्याकडून एक कागद घेतला आणि ओळी लिहायला लागले. एक, ऑर्डर बाकावर ठेवा. दोन, डाव्या हाताने धरा. खोडत होते, परत लिहीत होते. टेम्पोवाला वाकून बघत म्हणाला, "साहेब, आधी थांबायला सांगा ना त्यान्ला." साहेब म्हणाले, "गप रे, ते पहिल्या ओळीतच घेतलंय मी." राग कुठल्या कुठे गेला होता. माणूस प्रोग्रॅमात शिरला होता.

आणि इकडे आमच्यावर आभाळ कोसळायची वेळ आली. साहेबांचं बघून बघून गणप्याला अक्कल आली! आजवर कधी नाही आणि नेमकी त्या दिवशी. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मी डोकावून बघते तर बिनचूक! सर तीन बाकांवर आलेले.

"खोड मेल्या, खोड!" अख्खा वर्ग ओरडला.

"पन बरोबर आला ना गो माझा," गणप्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी. पहिल्यांदा बरोबर आलं होतं पोराचं. पण त्याने खोडलं. सर आले, "चूक आहे" म्हणाले आणि परत पहिल्या बाकाकडे गेले. गणप्याचं हे मी कधी विसरणार नाही.

शाळा सुटायची वेळ झाली, पण सुटणार कशी? पोरं घरी आली नाहीत म्हणून आया आल्या. सर जीपला आले नाहीत म्हणून बाबा आले, आणि जीप भरत नव्हती म्हणून आत बसलेली माणसंही त्यांच्या मागोमाग आली. खिडक्यांना डोकी लागली. "मास्तर कधी थांबंल?" कुणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "भरल तवा."

ऊन उतरलं. सरांचे ओठ सुकले होते, आवाज घोगरा झाला होता. मी तांब्या आणला आणि म्हटलं, "सर, थांबा. पेन सदऱ्याच्या खिशात ठेवा. तांब्या घ्या उजव्या हातात. तोंडाला लावा. पाणी तोंडात घ्या. तांब्या खाली ठेवा. पुढं चालू." सर निघाले. पुढच्या बाकाशी जाऊन उभे, बोलेचनात. गाल फुगलेले. लोक हसायला लागले. मी "गिळा" म्हणायची विसरले होते. मी धावत जाऊन म्हटलं, "गिळा सर, गिळा." घोट खाली गेला. लोक हसतच होते, माझं हसू मात्र गेलं. सर आता एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना हाताने आधार घेत होते. पाय थरथरत होते.

तेवढ्यात खिडकीतली डोकी रस्त्याकडे वळली. मामा बैल घेऊन परत येत होते.

मी जी सुटले ती पायऱ्यांवरून उडी मारूनच. रस्त्याला बैल दिसला, कपाळाला गुलाल, गळ्यात शाळा. फडकं आता नव्हतं; बैल जवळ आला आणि घंटा वर्गापर्यंत ऐकू गेली की संपलं. मी दोन्ही हात घालून आतला लोलक मुठीत धरला.

"काय गो, येडी झालीस? मारंल ना त्यो!" मामा ओरडले.

"मामा, नका वाजवू. सर जातील."

मामा एकदा माझ्याकडे, एकदा शाळेकडे बघायला लागले. मागून पोरं ओरडत होती, "सोडू नको गो, सोडू नको!" बैल माझ्या हातावर उष्ण श्वास सोडत गप्प उभा. तिथून वर्गाची खिडकी दिसत होती. खिडकीतून सर दिसले. पहिल्या बाकावरून दुसऱ्या बाकाकडे. डाव्या हातात ऑर्डर, तरी दोन्ही हातांनी बाक धरलेला. कुणी थांबा म्हटलं नव्हतं म्हणून चालले होते. मी म्हटलं नव्हतं म्हणून. मशीनला वाईट वाटत नाही. मग कुणाला वाटायचं ते मलाच वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं, इतकं की छातीत मावेना.

मी लोलक सोडला. बैलाने मान हलवली आणि घंटा वाजली.

मी परत आले तेव्हा सर गणप्याच्या बाकावर बसून पाय चेपत होते. "कुठल्या गाढवाने माझ्या पायांचे तुकडे पाडले?" म्हणाले, पण हसू थोडंसंच आलं. मग हातातल्या ऑर्डरकडे त्यांचं लक्ष गेलं. वाचली. खिशातल्या पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि साहेबांना दिली. साहेबांनी ती घेतलीच नाही आधी. आपला कागद पुढे केला आणि म्हणाले, "माझं कुठे चुकत होतं हो?" सरांनी बघितलं. "पेनाचं टोपण काढायचं राहिलंय." साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे हो की!" सस्पेंडचं मग कुणीच काढलं नाही.

जीपमध्ये बसताना सरांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं शाबासकी देतील, नाहीतर ओरडतील. ते म्हणाले, "तुझा प्रोग्रॅम थांबलाय. संपला नाही. थांबणं वेगळं, संपणं वेगळं." बाबांनी त्या दिवशी "एक सीट" म्हटलं नाही. जीप अर्धी रिकामी होती तरी सोडली. मशीनं टेम्पोतून मागोमाग गेली, झगे घालून.

पुढचं ऐकाल तर म्हणाल, ही नक्की फेकतेय. सरांनी तो प्रोग्रॅम चालू ठेवला. एकाचाही चुकला तर आम्हाला सोडून जायचं नाही असा हुकूम होता ना? मग सुट्टीच्या दिवशी ते आमच्यापैकी एकेकाला गाठायला लागले. वर्षानुवर्षं. एकजण आसनगावला कंपनीत लागला, तिथे गेटवर उभे. एकीचं लग्न झालं, तर तिच्या सासरी जाऊन अंगणात बसले. सासू घाबरली, सुनेने चुलीपुढून उठून पाच ओळी लिहून दिल्या, सरांनी "बरोबर आहे" म्हटलं, चहा घेतला आणि निघाले. गणप्या आता बाबांची जीप चालवतो. त्याने सरांना चालत्या गाडीत प्रोग्रॅम तोंडी सांगितला: सगळ्या सीटा भरल्या, किंवा नंतरची गाडी मागे येऊन लागली, की निघायचं. सरांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरले आणि गणप्याला मिठी मारली. बाबा म्हणतात, आख्खा जन्म गेला पण हे कुणी सांगितला नाय.

राहिले मी एकटी. मी ऐरोलीला कंपनीत दिवसभर प्रोग्रॅमच लिहिते, त्यासाठी पगार घेते. पण सरांच्या हिशेबी मी नापास, कारण माझा तो प्रोग्रॅम बैलाने थांबवला. म्हणून दर पौषात मी म्हसाच्या जत्रेला येते. बैलांच्या घंटा विकतात त्या रांगेत सर शेंगा खात उभे असतात. दुकानदार घंटा हलवून दाखवतो, सर मशीन होतात. मी कागद पुढे धरते. "चूक आहे," सर म्हणतात. दुसरी घंटा वाजते, सर माणसात येतात आणि शेंगा पुढे करून म्हणतात, "पुढच्या वर्षी ये." चूक असतेच. मी स्वतःच घालते, दर वर्षी एक, नवी, नीट विचार करून. बरोबर आलं की प्रोग्रॅम संपला, आणि प्रोग्रॅम संपला की सर मला सोडून जायला मोकळे. एवढी दूधखुळी मी नाही.

यंदा मात्र माझी फजिती झाली. ऑफिसात कामाचा डोंगर, जीपमध्ये बसल्या बसल्या घाईत पाच ओळी खरडल्या आणि चूक घालायची विसरले. सरांच्या हातात कागद दिला तेव्हा लक्षात आलं. सर आता खूप थकलेत, काठी घेऊन येतात. दुकानदाराने घंटा हलवली. सरांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला. एक एक ओळ वाचत होते. वाटलं कागद ओढून घ्यावा आणि फाडून टाकावा.

सरांनी पुन्हा वरून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"चूक आहे," ते म्हणाले.

"कुठे, सर?"

"शोध. पुढच्या जत्रेला सांग."

दुसरी घंटा अजून वाजायची होती. म्हणजे ते मशीनच होते.

सोमवारी ऑफिसात मी तो प्रोग्रॅम चालवला. बिनचूक चालला. तो कागद जपून ठेवलाय, आणि त्यात सरांना दाखवायला एखादी चूक सापडते का, ते रोज बघतेय.